बाई, कंटाळ्याआधी कान तपासू

सहकारनगरहून एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं आहे: "वय ६८. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. घरातली सगळ्यात उत्साही बाई म्हणून माझी ओळख होती. अलीकडे लग्नकार्याला जावंसं वाटत नाही. भिशीत सगळ्या एकदम बोलतात, तो गलका नको होतो. टीव्हीच्या आवाजावरून नातू कुरकुरतो. पर्वती चढणं सोडलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षं चालू आहे, रात्री झोपेची अर्धी गोळी घेते. शाकाहारी आहे. मुलगी म्हणते, 'आई, तू म्हातारी झालीस.' मन तरुण ठेवा, आनंदी राहा, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं? सकारात्मक विचार करा, एवढं मात्र सांगू नका. ते करून झालं."

बाई, शेवटची अट घातलीत ते बरं केलंत. गेली ३१ वर्षं मी पुण्यात वयस्कर माणसांना तपासते आहे, आता माझीही साठी उलटली, आणि 'सकारात्मक राहा' या सल्ल्यानं उभारी आलेला माणूस मला आठवत नाही. तो सल्ला घेऊन घरी गेलेल्याचं ओझं मात्र वाढतं. आधी नुसता कंटाळा असतो, मग कंटाळा आल्याची लाजही वाटायला लागते.

तुमच्या मनाकडे मी येणारच आहे. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मी दोनदा वाचल्या: लग्नकार्य नको, भिशीतला गलका नको, टीव्हीचा आवाज मोठा. तुम्ही तिन्ही मनाच्या खात्यावर मांडल्या आहेत. मला त्या कानाच्या वाटतात.

वयाबरोबर कान उतरतो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी उंच पट्टीतले जातात. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचत राहतात. स, श, थ, फ, क यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली, ती पुसट होतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सात' म्हटलं की 'हात', 'पाच' म्हटलं की 'काच', हे मागच्यापुढच्या शब्दांवरून जुळवावं लागतं. समोर एकच माणूस बसून बोलत असेल तर तुम्ही ते इतक्या सहज जुळवता की तुमचं तुम्हालाही कळत नाही. मंगल कार्यालयात सनई, पंखे, ताटवाट्या आणि चारशे माणसं एकदम सुरू झाली की ते जुळवण्यातच सगळी शक्ती जाते. तासाभरात डोकं जड होतं. मग माणूस चुकीच्या जागी हसतो, भलतंच उत्तर देतो, समोरच्याचा चेहरा बघून ओशाळतो, आणि पुढच्या आमंत्रणाला म्हणतो, 'आता मला गर्दी आवडत नाही.'

हे मला माझ्या आईमुळे कळलं, आणि उशिरा कळलं. ती ७४ वर्षांची असताना तिनं कीर्तनाला जाणं सोडलं. आयुष्यभर न चुकवलेली गोष्ट. 'आता बसवत नाही गं,' म्हणायची. मी डॉक्टर, तीही म्हाताऱ्या माणसांची, आणि मी ते खरं मानलं. दोन वर्षांनी शेजारच्या बाई सहज बोलून गेल्या की काकूंना दाराची बेल ऐकू येत नाही. तपासलं तर दोन्ही कान बरेच उतरलेले. कानाचं मशीन लावून तिला घरी आणलं त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून तिला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "अगं, चिडली आहेस का माझ्यावर? एवढी ओरडतेस का?" मी चिडले नव्हते. दोन वर्षं तशीच बोलत होते. ऐकू कमी येणाऱ्या माणसापर्यंत शब्द पोचत नाहीत, पण ओरडणाऱ्याचा ताणलेला चेहरा त्याला नीट दिसतो. ती दोन वर्षं आईला मी सतत वैतागलेली दिसत होते आणि ती आपल्या खोलीत जास्त जास्त बसायला लागली होती. आम्ही घरात एकमेकांना सांगत होतो, आईचा उत्साह गेला. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुम्हाला आधी कानाचं विचारते आहे.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आधी ते मळ पाहतील. कधी कधी तेवढंच निघतं आणि माणूस दहा मिनिटांत हसत बाहेर येतो. नाहीतर ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढतील. मशीन लागलं तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती कुणी सांगत नाही आणि मशीन कपाटात जाऊन पडतं: पहिले काही आठवडे त्रास होतो. भांडी अंगावर आपटल्यासारखी वाजतात, वर्तमानपत्राची पानं कर्कश्श लागतात. कित्येक वर्षं जे आवाज आलेच नाहीत ते मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला घरात, शांत खोलीत दोन-तीन तास लावा, मग वाढवा. पहिल्याच दिवशी लग्नाला लावून जाऊ नका. हा प्रश्न नुसत्या सोयीचाही नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यांत कमी ऐकू येणं हे एक मोठं कारण आहे.

डोळेही याच फेरीत तपासून घ्या. मधुमेहात वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी.

आता रक्त. शाकाहार, दहा वर्षांची मेटफॉर्मिन आणि ६८ वय हे तिन्ही एकत्र आलं की मी बी-१२ जीवनसत्त्व पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी असेल तर आणखी भर. आपल्याकडे ही कमतरता किती पसरली आहे ते पुण्यातच, केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम करून दाखवलं आहे. बी-१२ कमी झालं की तळपायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, नावं आठवत नाहीत आणि मन बसतं. त्यातलं फक्त शेवटचं लक्षण दिसत असेल तर घरातले म्हणतात 'वय झालं'. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड-जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन पाहून घ्या. तुम्हाला हेच झालंय असं पत्रावरून मी सांगू शकत नाही. पण न तपासता स्वतःला म्हातारी ठरवू नका, एवढं मात्र मी अधिकारानं सांगते.

झोपेच्या अर्ध्या गोळीबद्दल मला काळजी वाटते. साठीनंतर या गोळ्या शरीरातून हळू बाहेर पडतात. रात्रीची गोळी सकाळी दहापर्यंत डोक्यावर बसून राहते, आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जातो तो वेगळाच. ती एकदम बंद करू नका, त्यानं त्रास होतो. देणाऱ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. वयानुसार झोप लवकर येते आणि लवकर उघडते, हे नैसर्गिक आहे. साडेनऊला झोपून चारला जाग येत असेल तर तो निद्रानाश नाही.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, भूक गेली आहे, पहाटे जाग आल्यावर सगळ्यात वाईट वाटतं, जगून काय करायचं असं मनात येतं, असं आहे का? आपल्या पिढीतल्या बायका 'मी उदास आहे' म्हणत नाहीत. अंग दुखतं म्हणतात, कशात मन लागत नाही म्हणतात. तसं असेल तर तो आजार आहे, उपचारानं बरा होतो, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवं. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

एवढं सगळं तपासून झालं आणि काही निघालं नाही असं धरू. तरी भिशीला जावंसं वाटत नसेल तर? मग कदाचित ते ठीकच आहे.

वय वाढतं तसा माणूस संगत निवडायला लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं आयुष्यभराचं काम यावर आहे. पुढचा काळ मोजका आहे हे उमगलं की माणसं ओळखीपाळखी कमी करतात आणि जवळच्यांना जास्त वेळ देतात, आणि त्यातून त्यांचं समाधान वाढतं. म्हणून कमी माणसांत मिसळणं म्हणजे म्हातारपण, असं मी म्हणत नाही. साड्यांच्या आणि सुनांच्या गप्पा तुम्हाला ६८ व्या वर्षी नको झाल्या असतील तर तुम्ही त्या सोडा, खुशाल सोडा. तो तुमचा निवडीचा हक्क आहे. मला भीती वाटते ती माघारीची. निवडीत एक गोष्ट सोडून दुसरी हातात धरलेली असते. माघारीत सोडलेल्या गोष्टीच्या जागी काहीच येत नाही, फक्त खुर्ची आणि टीव्ही येतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तोंडात शब्दही एकच असतो: कंटाळा. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी म्हणूनच विचारते, हे सोडलंत, मग त्या वेळात आता काय करता?

पर्वती का सोडलीत, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि मला तेच हवं होतं. चढताना दम लागतो म्हणून सोडली असेल तर आधी हृदय तपासा. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाचा त्रास असू शकतो, नुसता दम लागतो. उतरताना भीती वाटते म्हणून सोडली असेल तर चष्मा पाहा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की नजर वाचायच्या भिंगातून जाते, पायरी पुसट दिसते आणि पाऊल अडखळतं. हे सांगितल्यावर आश्चर्यचकित झालेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. ते गुडघ्याला दोष देत बसलेले असतात. आणि चष्मा, हृदय दोन्ही ठीक असेल तर मांड्या.

घरी एक करून पाहा. बिनहाताची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, कुणाला तरी शेजारी उभं करा आणि पाच वेळा पूर्ण उभ्या राहून पुन्हा बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर मांड्यांची ताकद उतरली आहे. तिशीनंतर स्नायू थोडे थोडे घटत असतात, साठीनंतर वेग वाढतो. नुसत्या चालण्यानं ते थांबत नाही, हे सकाळी सारसबागेला पाच फेऱ्या मारणाऱ्यांना पटवणं माझं रोजचं काम आहे. चालणं चांगलंच आहे, आठवड्याला किमान १५० मिनिटं हवंच. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. आता काय ताकद येणार, असं म्हणू नका. १९९० साली बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेतला प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त झालेल्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

पुण्याला तर हे सांगायला परदेशी जायलाही नको. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये या शहरात आले ते कायमचे. खुर्ची, पट्टा, भिंतीचा दोर, लोड यांचा आधार देऊन ताठरलेल्या शरीरालाही आसन जमवून द्यायची त्यांची रीत मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेतून जगभर गेली. २०११ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते शिकवायला चीनला गेले होते. तुम्हाला चीनला जायचं नाही, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या आहेत. खुर्चीवरून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं इथून सुरुवात करा, आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून पहिल्या चार वेळा करून घ्या.

जेवणाचं थोडक्यात. एकट्या राहणाऱ्या बायका रात्री 'भूक नाही' म्हणून चहा-खारीवर भागवतात. स्नायू त्यावर उभे राहत नाहीत. वरण घट्ट करा. उसळ, दही, पनीर यांतलं काहीतरी दोन्ही वेळा ताटात हवं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर मात्र डॉक्टरांना विचारून.

तुम्ही आनंदाचं विचारलं आणि मी ३१ वर्षांची डॉक्टरकी सांगत बसले, असं वाटेल. पण पाय आणि कान ज्यांचे साथ देतात त्यांच्याकडे मी आनंद पाहिला आहे, आणि सगळ्यात जास्त पाहिला आहे तो आषाढात. माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत मुक्काम करून दिवे घाटानं सासवडला जाते. एका दिवसाची तीसेक किलोमीटरची वाट, त्यात घाट. आम्ही काही डॉक्टर त्या वाटेवर मदतीला थांबतो. सत्तरी ओलांडलेल्या बाया येतात, तळपायाला फोड, टाचा फुटलेल्या. पट्टी बांधून होते आणि त्यातलीच एखादी दुसरीचे हात धरून फुगडी घालायला लागते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ओरडले होते. आता ओरडत नाही. त्यांच्याशी बोलत बसले की लक्षात येतं, यांच्या घरी सुखच सुख आहे असं अजिबात नाही. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचं शेत गहाण. पण दिंडीत प्रत्येकीची जागा ठरलेली असते. मुक्कामाला पोचल्यावर एखादी दिसली नाही तर कुणीतरी उलट फिरून शोधायला येतं. आणि हाक एकच: माउली. विशीच्या पोरालाही माउली, ऐंशीच्या बाईलाही माउली. 'आजी, तुम्ही बसा, तुम्हाला जमायचं नाही' असं तिथं कुणी म्हणत नाही.

घरी मात्र आपण तेच म्हणतो, आणि सगळ्यात जास्त वेळा स्वतःलाच. 'आता काय आपलं राहिलं', 'आमचे दिवस गेले', 'साठी बुद्धी नाठी'. तुम्ही भाषेच्या शिक्षिका, शब्द काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांचा बरीच वर्षं ठेवलेला तपशील तपासला. स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ती माणसं, वाईट मत असणाऱ्यांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगली. तब्येत, पैसा, एकटेपणा यांचा हिशेब धरूनही फरक उरला. त्यावरून चांगलं बोललं की आयुष्य वाढतं असा थेट अर्थ मी काढणार नाही. पण आता काय राहिलं असं रोज म्हणणारा माणूस व्यायामाला उठत नाही, गोळी चुकवतो, कान तपासत नाही, हे मी दवाखान्यात बघते. एक आठवडा वहीत खूण करा, दिवसातून किती वेळा हे वाक्य तोंडून जातं त्याची. बंद करायचा प्रयत्नही करू नका, नुसतं मोजा.

आता तरुण मनाबद्दल. केस रंगवणं, नव्या पद्धतीचे कपडे, नातवंडांसारखं बोलणं, यात गैर काही नाही. हौस असेल तर जरूर करा. पण तरुणपणी आपलं मन तसं का होतं, ते आठवा. आपल्याला पुष्कळ गोष्टी येत नव्हत्या. सायकल येत नव्हती, पोळी गोल होत नव्हती, वर्गासमोर पहिल्यांदा उभं राहताना हातातला खडू थरथरत होता. आपण कशात तरी कच्चे होतो आणि उद्या थोडं जास्त जमेल असं वाटत होतं. साठीला पोचेपर्यंत जे येतं ते पक्कं झालेलं असतं आणि जे येत नाही ते आपण आयुष्यातून काढून टाकलेलं असतं. मग उद्याची उत्सुकता येणार कुठून?

माझ्याकडे पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अभियंता येतात. ते ७२ वर्षांचे असताना त्यांच्या पत्नीला पक्षाघात झाला, उजवा हात गेला. गणपती तीन महिन्यांवर आलेले आणि त्या घरात उकडीचे मोदक पत्नीनंच करायचे. कधी बाहेरून आणलेले नाहीत. या गृहस्थांना चहाही धड करता येत नव्हता. त्यांनी बायकोला ओट्याशेजारी खुर्चीत बसवलं आणि उकड काढायला शिकले. पहिली उकड गुठळ्यांची, दुसरी पातळ. पारी फाटायची, कळ्या पाडायला गेलं की मोदक बसायचा. त्या वर्षी त्यांच्या मोदकाला पाच कळ्या आल्या, त्याही वाकड्या. पुढच्या वर्षी नऊ. मला ते फोनवर फोटो दाखवतात आणि रक्तदाब मोजायच्या आधी कळ्या मोजायला लावतात. बाई बोलताना अडखळतात, पण सारण गोड झालं की कमी, हे डाव्या हातानं बरोबर सांगतात. त्या घरात दुःख नाही असं कोण म्हणेल? तरी त्या दोघांइतकी हसरी माणसं माझ्याकडे दुसरी कुणी येत नाहीत.

मोठी उदाहरणं देताना मी जपून असते, कारण ती ऐकून माणूस खचतोही. पण महर्षी कर्व्यांचं राहवत नाही. विधवांसाठी आश्रम, महिला विद्यापीठ एवढं झाल्यावर १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते जगाच्या प्रवासाला निघाले. १९३६ मध्ये खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ. १०४ वर्षांचं आयुष्य लाभलं खरं, पण हे उद्योग सुरू करताना ते त्यांना कुठं माहीत होतं? पुरं होताना बघायला मिळेल याचा भरवसा नसलेलं काम त्यांनी हातात घेतलं. मोदकवाल्या काकांची गोष्ट आणि ही, मला एकाच जातीच्या वाटतात.

तुमच्यासाठी माझा सल्ला जरा अवघड आहे. छत्तीस वर्षं तुम्ही शिकवलंत, त्यामुळे सगळे तुम्हाला सांगतील, वस्तीतल्या मुलांना शिकवा. ते पुढे करा. आधी तीन महिने कुठंतरी बाकावर बसा, विद्यार्थी म्हणून. मोडी लिपी शिका. मराठीच्या शिक्षिकेला तिच्यात गंमत वाटेल. किंवा तबला, किंवा पाण्यात तरंगणं. अट एवढीच की शिकवणारा माणूस समोर हवा, वर्गाचा वार ठरलेला हवा, आणि पहिले काही आठवडे तुम्ही वर्गात सगळ्यात मागे असायला हव्यात. फोनवर एकटीनं शिकू नका. आला नाहीत तर 'बाई का आल्या नाहीत' असं कुणीतरी विचारायला हवं. बागांतल्या हास्य क्लबांचा खरा फायदाही मला तोच वाटतो. हसण्याचा व्यायाम होतोच, पण दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी फोन येतो.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मराठीच्या बाईंनी एका ओळीत उरकलं, म्हणजे तिथं बरंच आहे. मोठ्यानं हसलं, गजरा माळला, सहलीला गेलं की अपराधी वाटतं, असं माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायका दार बंद झाल्यावर सांगतात. तुमचं तसं असेल तर एकदा ते कुणापाशी तरी पूर्ण वाक्यांत बोला. त्यांची आठवण काढणं आणि पुन्हा हसणं एकाच दुपारी होऊ शकतं. मी माझ्या आईच्या बाबतीत ते अनुभवलं आहे.

मुलीला हे पत्र वाचायला द्या. तिच्यासाठी दोन गोष्टी. आईशी समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. आवाज चढवू नकोस. आणि 'राहू दे गं, मी करते' हे म्हणणं कमी कर. प्रेमानंच म्हणतेस, पण भाजी आणणं, बँकेत जाणं, गॅसचा नंबर लावणं, एकेक करून हातातून काढून घेतलं की आईच्या दिवसात उरतं काय? तिला उशीर लागू दे. चूक झाली तर होऊ दे.

तपासण्यांना दोन आठवडे जातील. तेवढ्यात भिशीची तारीख आली तर या महिन्यात जाऊ नका, पण घरात बसूनही राहू नका. त्यातल्या ज्या दोघी खरंच आवडतात त्यांना दुपारी चहाला बोलवा. टीव्ही बंद, पंखा हळू, त्या दोघींना खिडकीकडे तोंड करून बसवा म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल आणि ओठ दिसतील. सुरुवातीलाच सांगा, "मला हल्ली कमी ऐकू येतं, एकेक जण बोला." आणि त्या दुपारी कंटाळा आला की नाही, तेवढं मला लिहून कळवा.